वाचनालयात लिनक्सचे कुलूपबंद वेब टर्मिनल कसे उभारावे

तालुक्याच्या गावातील ज्या वाचनालयाच्या कामात मी हातभार लावतो, तेथे वाचकांसाठी एक संगणक खुला ठेवायचा ठरले, तेव्हा आम्ही साध्या डेस्कटॉपवर ‘वाचक’ नावाचे खाते काढून दिले आणि काम झाले असे समजलो. महिनाभराने पाहिले, तर त्या डेस्कटॉपवर तिघांच्या आधार कार्डांच्या प्रती पडलेल्या होत्या, एकाचा ईमेल उघडाच होता आणि ब्राउझरमध्ये कोणीतरी बसवलेल्या चार एक्स्टेन्शन्स दर क्लिकला जाहिराती दाखवत होत्या. यात चूक वाचकांची नव्हती. ज्या यंत्रावर पुढचा माणूस मागच्याचे सर्व काही पाहू शकतो, ते यंत्र लोकांसमोर ठेवण्याच्या लायकीचेच नव्हते.

पुढे दिलेली रीत आम्ही दोनदा फसून तिसऱ्यांदा जमवली. तिच्यातून तयार होणारे यंत्र असे चालते: बटण दाबले की थेट ब्राउझर उघडतो, ठरवून दिलेलीच संकेतस्थळे दिसतात, वाचक उठून गेल्यावर तीन मिनिटांत त्याचा मागमूस पुसला जातो आणि वीज जाऊन आली तरी कोणाला काही करावे लागत नाही. लिनक्सची टर्मिनल विंडो पूर्वी उघडून पाहिलेली असेल आणि मजकूर-फाइल संपादित करता येत असेल, तर एवढ्या तयारीवर हे काम दोन शनिवार-रविवारांत होते. पर्यायांची नावे मी येथे उच्चारानुसार दिली आहेत. त्यांचे नेमके स्पेलिंग त्या-त्या पॅकेजच्या मॅन पानावर (सोबत येणाऱ्या माहितीपानावर) किंवा अधिकृत दस्तऐवजात आहे आणि ते तेथूनच उतरवून घ्यावे, कारण एका अक्षराच्या चुकीने काय होते हे पुढे येईलच.

आधी जमवायच्या वस्तू आणि कागद

- ६४-बिट प्रोसेसरचा डेस्कटॉप, किमान ४ जीबी रॅम आणि लहानशी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क वापरू नये. वीज जाण्या-येण्यात तीच आधी दगा देते.
- दोन पेन ड्राइव्ह: एक डेबियन या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरसाठी, दुसरा तयार यंत्राची प्रतिमा (संपूर्ण डिस्कची प्रत) घेण्याच्या क्लोनझिलासाठी; शिवाय ती प्रतिमा साठवायला एक बाहेरची डिस्क.
- नवी सीआर २०३२ बटण-बॅटरी. तिचे कारण दुसऱ्या पायरीत येईल.
- लॅन केबल. सार्वजनिक यंत्राला वाय-फाय देऊ नये, कारण पासवर्ड त्या यंत्रातच राहतो.
- तुमचा स्वतःचा लॅपटॉप, ज्यावरून एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे यंत्र चालवण्याच्या पद्धतीने) या यंत्रात शिरता येईल.
- कार्यकारिणीचा लेखी ठराव: यंत्र कशासाठी आहे, कोणती संकेतस्थळे खुली राहतील आणि यादी बदलण्याचा अधिकार कोणाचा.
- पासवर्डसाठी एक कागद आणि एक पाकीट. पासवर्ड केवळ एका माणसाच्या डोक्यात ठेवण्याचा मोह टाळावा.

एक कायदेशीर बाब येथेच सांगितलेली बरी. तासाला पैसे घेऊन लोकांना इंटरनेट देणार असाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ सालचे सायबर कॅफेविषयक नियम तुम्हाला लागू होतात. त्यात नोंदणी, वापरणाऱ्याच्या ओळखपत्राची तपासणी आणि किमान वर्षभर जपायची नोंदवही यांचा समावेश आहे. ‘फक्त वीजबिलापुरते दहा रुपये घेतो’ असे म्हणून या प्रश्नातून सुटका होत नाही. आम्ही सेवा विनामूल्य ठेवली, यादी मर्यादित ठेवली आणि ठरावात तसे लिहून घेतले.

१. हे यंत्र कशासाठी आहे ते आधी ठरवा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि तिच्यात संगणकाला हातही लावावा लागत नाही. वाचणे-शोधणे आणि अर्ज भरणे ही दोन कामे एका यंत्रावर नीट बसत नाहीत. अर्ज भरायचा म्हणजे फोटो आणि सही अपलोड करायची, त्यासाठी पेन ड्राइव्ह लागतो, फाइल निवडण्याची खिडकी लागते, पैसे भरण्यासाठी बँकेची पाने लागतात; आणि जी दारे आपण बंद करायला बसलो आहोत, नेमकी तीच उघडी ठेवावी लागतात. म्हणून आमचे टर्मिनल वाचण्यासाठी व शोधण्यासाठीच आहे. यादीत मराठी विश्वकोश, विकिपीडिया, राज्य शासनाचे शासन निर्णय, सातबारा पाहण्याचे महाभूलेख, लोकसेवा आयोग आणि काही वर्तमानपत्रे आहेत. अर्ज भरण्यासाठी येणाऱ्यांना ग्रंथपाल शेजारच्या सेवा केंद्राचा रस्ता दाखवतात, आणि त्याबद्दल आजवर कोणी रागावलेले नाही.

२. यंत्र आणि बायोस

जुना संगणक मिळाला तर तो ६४-बिट आहे ना, हे आधी पाहावे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले आणि त्याच्यासोबत ३२-बिट पीसींसाठीचा इन्स्टॉलर बंद झाला, त्यामुळे फार जुन्या यंत्रावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मदरबोर्डवरची बटण-बॅटरी डोळे झाकून बदलावी. ती मेलेली असली, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते; मग ब्राउझरला प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे वाटते आणि स्क्रीनवर फक्त इशारे दिसतात. आम्ही या दोषासाठी आधी राउटर बदलला, मग केबल बदलली, आणि शेवटी तीस-चाळीस रुपयांच्या बॅटरीने काम झाले.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) चार गोष्टी कराव्यात: वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल असा पर्याय निवडावा, बूटच्या क्रमात फक्त आतली डिस्क ठेवावी, पेन ड्राइव्हवरून व नेटवर्कवरून बूट होणे बंद करावे, आणि शेवटी बायोसला पासवर्ड लावावा. शेवटच्या तीन गोष्टी मात्र आज करू नयेत, नाहीतर इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्हच सुरू होणार नाही. त्या नवव्या पायरीच्या शेवटी करायच्या आहेत.

३. डेबियन, पण डेस्कटॉपशिवाय

इन्स्टॉलर जेव्हा कोणकोणते सॉफ्टवेअर-संच हवेत असे विचारतो, तेव्हा डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून फक्त एसएसएच सर्व्हर आणि मूलभूत साधने ठेवावीत. नवखा माणूस सहसा उलटे करतो: पूर्ण डेस्कटॉप बसवतो आणि मग त्यातला मेनू, फाइल मॅनेजर, उजवे क्लिक, पेन ड्राइव्ह आपोआप उघडणे असे एकेक बंद करत जातो. ती यादी कधीच संपत नाही. जे बसवलेच नाही, त्याला कुलूप लावावे लागत नाही. पेन ड्राइव्ह खोचला तरी तो उघडून दाखवणारे कोणी यंत्रात नसते.

उबुंटूवरही हे करता येते, पण तेथे फायरफॉक्स व क्रोमियम ही दोन्ही स्नॅपच्या वेष्टनात येतात आणि प्रोफाइल कोठे राहते, कोणाला काय वाचता येते, याचा आणखी एक थर समजून घ्यावा लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने डेबियन घ्यावे.

येथे एक सापळा आहे. इन्स्टॉलर रूटचा (यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड विचारतो. तो रिकामा सोडला तर रूट खाते कुलूपबंद होते आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा (रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचा) अधिकार मिळतो. एरवी ही सोय चांगली आहे, पण पुढे यंत्र अडून बसले आणि रेस्क्यू मोडमध्ये जावे लागले, तर ‘रूट खाते बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून या यंत्रावर रूटला लांबलचक पासवर्ड द्यावा आणि तो पाकिटात ठेवावा.

नंतर वाचकांसाठी एक वेगळे खाते तयार करावे. त्याला पासवर्ड नको, सुडो नको आणि शेलच्या (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जागी ‘नोलॉगिन’ असावे. खाली त्याला मी वाचक-खाते म्हणतो.

४. एका खिडकीचे सेशन

‘केज’ नावाचा एक लहानसा वेलँड कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) आहे. तो एकच प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीनवर दाखवतो, त्याच्याकडे मेनू नाही, टास्कबार नाही आणि तो प्रोग्रॅम बंद झाला की केजही बंद होतो. केज, फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) आणि स्वेआयडल (त्याचे काम आठव्या पायरीत येईल) ही तीन पॅकेजे बसवावीत.

यंत्रावरच्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था म्हणजे सिस्टमडी. केज सुरू करण्यासाठी तिचे सर्व्हिस युनिट, म्हणजे मांडणीची फाइल, लिहावे लागते. त्यात पुढील गोष्टी असाव्यात. वापरकर्ता म्हणून वाचक-खाते, पहिली टीटीवाय (मजकुराचा कन्सोल) आणि तिच्यावरच्या गेटीशी (लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रॅमशी) ‘कॉन्फ्लिक्ट’, ‘पॅमनेम’मध्ये लॉगिन, कारण त्याशिवाय स्क्रीन व कीबोर्डचा ताबा या सेशनला मिळत नाही आणि नुसता काळा पडदा दिसतो, ‘रीस्टार्ट’ला ऑलवेज, आणि ‘रनटाइम डिरेक्टरी’.

या शेवटच्या पर्यायावर जरा थांबू या, कारण सगळ्या स्वच्छतेचा भार त्याच्यावर आहे. रनटाइम डिरेक्टरी दिली की सिस्टमडी सेवा सुरू करताना ‘रन’ या फोल्डरात एक नवे कोरे फोल्डर तयार करते आणि सेवा थांबली की ते स्वतःच पुसते. फायरफॉक्सची प्रोफाइल आणि डाउनलोडचे ठिकाण या फोल्डरात ठेवले, म्हणजे ब्राउझर बंद होताच कुकीज, इतिहास, लॉगिन आणि उतरवलेल्या फाइली एकदम नाहीशा होतात. हे फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असते, त्यामुळे वीज गेली तरी मागे काही उरत नाही. पण डेबियनमध्ये ‘रन’ला एकूण रॅमच्या १० टक्केच जागा मिळते, म्हणजे ४ जीबीच्या यंत्रावर सुमारे ४०० एमबी, आणि ब्राउझरची डिस्क-कॅश ती हळूहळू भरून टाकू शकते. म्हणून डिस्क-कॅश पुढच्या पायरीत बंद करावी.

दुसरा सापळा रीस्टार्टचा. सिस्टमडी सेवा बंद पडल्यावर जवळपास लगेच उठवते, पण १० सेकंदांत पाच वेळा बंद पडली तर हात टेकते आणि मग स्क्रीन काळाच राहतो. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलाने कंट्रोल-डब्ल्यू दाबले की खिडकी जाते आणि परत येते हा खेळ शोधून काढला, आणि पाचव्या खेपेला टर्मिनल मेले. रीस्टार्टच्या आधी दोन सेकंदांची वाट आणि ‘स्टार्ट लिमिट इंटरव्हल’ला शून्य, एवढे केल्यावर तो खेळ रंगेनासा झाला.

फायरफॉक्समध्ये किऑस्क नावाची पूर्ण-स्क्रीन पद्धत आहे आणि बहुतेक लेख तीच वापरायला सांगतात. वाचनालयासाठी ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात मागे जाण्याचे बटण दिसत नाही, टॅब दिसत नाहीत आणि पत्ताही दिसत नाही. चुकून एखाद्या दुव्यावर गेलेला साठीचा वाचक तेथेच अडकतो आणि ग्रंथपालांना हाक मारतो. आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत हे वाचकाला दिसले पाहिजे, हाही सुरक्षेचाच भाग आहे. साधी खिडकी ठेवावी. केज ती स्क्रीनभर ताणतोच.

५. ब्राउझरची धोरणे

फायरफॉक्सला संस्थेसाठीचे नियम एका जेसन (ठरावीक रचनेच्या मजकूर) फाइलमधून देता येतात. ही ‘पॉलिसीज’ फाइल ‘ईटीसी’ या मांडणी-फाइलींच्या फोल्डरातील फायरफॉक्सच्या फोल्डरात, पॉलिसीज या उपफोल्डरात ठेवावी. तिचा मालक रूट असावा आणि वाचक-खात्याला ती फक्त वाचता यावी. आम्ही ठेवलेले नियम असे: डेव्हलपर टूल्स बंद, अबाउट-कॉन्फिग, ॲड-ऑन्स, प्रोफाइल्स आणि सपोर्ट ही पाने बंद, सर्व एक्स्टेन्शन्सना मनाई, पासवर्ड जतन करण्याचा प्रश्नच विचारू नये, फायरफॉक्स खाते, टेलिमेट्री व स्टडीज बंद, मुखपृष्ठ ठरलेले आणि कुलूपबंद, पहिल्या वेळचे स्वागत-पान रिकामे, नाहीतर कोऱ्या प्रोफाइलमुळे ते दर वाचकाला दिसते, डिस्क-कॅश बंद, छपाई बंद.

फाइल निवडण्याची खिडकीही बंद करावी. कंट्रोल-ओ दाबले की जी खिडकी उघडते, तिच्यातून संपूर्ण डिस्कवर फेरफटका मारता येतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्यासाठी ‘अलाउ फाइल सिलेक्शन डायलॉग्ज’ हे धोरण नकारार्थी द्यावे.

‘वेबसाइट फिल्टर’ या धोरणात आधी सर्व पत्त्यांना मनाई आणि मग अपवादांत आपली यादी, असा क्रम असतो. हा फिल्टर स्थानिक फाइलींच्या पत्त्यांनाही लागू करता येतो आणि करावाच, पण उतरवलेली पीडीएफ फायरफॉक्स स्थानिक फाइल म्हणूनच उघडतो. म्हणून चौथ्या पायरीतल्या त्या रॅममधील फोल्डराला अपवाद द्यावा, नाहीतर शासन निर्णय दिसतात पण उघडत नाहीत.

आता अक्षराच्या चुकीविषयी. या फाइलमध्ये एक स्वल्पविराम कमी पडला किंवा शेवटच्या ओळीनंतर एक जास्त झाला, तर फायरफॉक्स ती फाइल संपूर्ण बाजूला ठेवतो आणि कोणतेही नियम न लावता निमूटपणे उघडतो. चूक केल्यावर कुलूप अडकत नाही, दार सताड उघडे राहते. आम्ही यादीत एक वर्तमानपत्र वाढवले, स्वल्पविराम विसरलो, आणि पुढचे चार दिवस यंत्र पूर्ण मोकळे होते. ज्यांना कळले त्यांनी अर्थातच सांगितले नाही. फाइल बदलली की आधी ‘जेक्यू’ या साधनाने तिची रचना तपासावी आणि मग ब्राउझरमध्ये अबाउट-पॉलिसीज हे पान उघडून नियम खरोखर लागले आहेत का ते डोळ्यांनी पाहावे.

६. ब्राउझरच्या बाहेरचे कुंपण

वरच्या प्रसंगामुळेच दुसरे कुंपण उभारले. तत्त्व साधे आहे: वाचक-खात्याने चालवलेला कोणताही प्रोग्रॅम थेट इंटरनेटवर जाऊ शकणार नाही, त्याला त्याच यंत्रावर चालणाऱ्या स्क्विड प्रॉक्सीकडेच (इंटरनेटच्या वाटेवरच्या मध्यस्थाकडेच) जावे लागेल आणि यादी स्क्विडकडे असेल.

स्क्विड बसवल्यावर त्याच्या ‘कॉन्फ-डी’ फोल्डरात आपली छोटी फाइल ठेवावी. तिच्यात यादीतील डोमेनना परवानगी आणि लगेच खाली बाकी सर्वांना मनाई अशा दोन ओळी हव्यात. दुसरी ओळ विसरू नये, कारण मूळ फाइलमध्ये पुढे ‘लोकलहोस्टला (म्हणजे याच यंत्राला) परवानगी’ अशी ओळ असते, स्क्विड वरून खाली वाचत पहिल्या जुळणाऱ्या नियमापाशी थांबतो, आणि आपला वाचक लोकलहोस्टच आहे. डोमेनच्या आधी टिंब दिले की त्याची सर्व उपडोमेन्स येतात. मग तेच उपडोमेन पुन्हा वेगळे लिहू नये, स्क्विड त्यावर हरकत घेतो. सुरक्षित पानांच्या बाबतीत स्क्विड मजकूर उघडून पाहत नाही, फक्त कोणत्या डोमेनकडे जोडणी मागितली आहे ते पाहतो, त्यामुळे प्रमाणपत्रांची भानगड येत नाही.

एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या साखळीत वाचक-खात्याच्या नावाने दोन नियम लिहावेत: लूपबॅकवरील (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवरील) ३१२८ या स्क्विडच्या पोर्टला परवानगी, बाकी सगळ्याला ‘रिजेक्ट’. ‘ड्रॉप’ लिहिले तर ब्राउझर मिनिटभर ताटकळत राहतो आणि लोक ‘नेट स्लो आहे’ म्हणतात. टेबल ‘इनेट’ प्रकारचे असावे. फक्त ‘आयपी’ प्रकारचे केले तर आयपीव्ही-सिक्सचा रस्ता मोकळा राहतो. आत येणाऱ्या साखळीत आधीच्या जोडण्यांची उत्तरे, लूपबॅक आणि तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्यावरून एसएसएच एवढेच चालू द्यावे. मग फायरफॉक्सच्या धोरणात प्रॉक्सीचा पत्ता कुलूपबंद करून द्यावा.

आता खरा वेळखाऊ भाग सुरू होतो. आजचे कोणतेही पान एका डोमेनवर उभे नसते. विकिपीडिया यादीत घातला आणि पान उघडले, तर मजकूर दिसतो पण चित्रे दिसत नाहीत, कारण चित्रे विकिमीडियाच्या डोमेनवरून येतात. काही ठिकाणी फॉन्ट दुसरीकडून येतो, काही ठिकाणी कॅप्चा. येथे स्क्विडची नोंद-फाइल कामाला येते: एका बाजूला लॅपटॉपवर ती वाहती ठेवावी, दुसऱ्या बाजूला टर्मिनलवर पान उघडावे, आणि ‘डिनाइड’ शब्दाच्या ओळी वाचून नेमके काय अडले ते पाहावे. प्रत्येक अडलेले डोमेन यादीत घालू नये. निम्मी जाहिरातींची आणि पाळत ठेवणाऱ्यांची असतात. ती अडल्याने पाने उलट लवकर उघडतात.

मग ब्राउझरमधला फिल्टर कशाला, असे विचाराल. स्क्विडने अडवलेल्या सुरक्षित पानावर फायरफॉक्स ‘प्रॉक्सी जोडणी नाकारत आहे’ असा घाबरवणारा संदेश देतो, आणि वाचकाला वाटते की यंत्र बिघडले. फिल्टरचे पान ‘हे संकेतस्थळ येथे बंद आहे’ एवढे सरळ सांगते. पहिले कुंपण सभ्यतेसाठी आहे, दुसरे मजबुतीसाठी.

७. मराठी अक्षरे आणि कीबोर्ड

नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट बसवावेत, नाहीतर डेस्कटॉपशिवायच्या यंत्रावर मराठीच्या जागी चौकोन दिसतात. फायरफॉक्सचे मराठी भाषा-पॅकेजही बसवावे.

केजमध्ये कीबोर्ड बदलण्याचे चिन्ह नाही, म्हणून मांडणी सर्व्हिस युनिटमध्येच पर्यावरण-चलांनी द्यावी लागते: ‘एक्सकेबी’च्या मूळ मांडण्यांत आधी इंग्रजी, मग भारतीय, आणि ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल. भारतीय मांडणी इन्स्क्रिप्टची आहे. टंकलेखनाची सवय नसलेल्यांसाठी बटणांवर देवनागरी स्टिकर चिकटवावेत आणि मॉनिटरखाली एक पट्टी लावावी. आमच्या पट्टीवर तीनच ओळी आहेत: भाषा बदलण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट, हलन्त ‘डी’वर, आणि ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, डी आणि मग य. तिसरी ओळ एका निवृत्त शिक्षकांच्या आग्रहावरून आली, आणि तेव्हापासून विश्वकोशात ‘वाऱ्या’ शोधणाऱ्यांची तक्रार थांबली.

८. उठून गेलेल्या वाचकामागून पुसणे

स्वेआयडल हे साधन कीबोर्ड-माऊस किती वेळ शांत आहेत ते मोजते. १८० सेकंद झाले की त्याने फायरफॉक्स बंद करायचा. मग केज बंद होतो, सिस्टमडी रॅममधले फोल्डर पुसते आणि दोन सेकंदांनी कोरा ब्राउझर उघडतो. केज थेट फायरफॉक्स न चालवता एक छोटी स्क्रिप्ट चालवतो आणि ती स्वेआयडल व फायरफॉक्स दोन्ही सुरू करते.

एवढेच केले तर दुपारी कोणी नसताना स्क्रीन दर तीन मिनिटांनी लुकलुकत राहतो, कारण नवे सेशनही शांतच असते आणि तेही तीन मिनिटांत मारले जाते. उपाय असा: स्वेआयडलला एका सेकंदाची दुसरी वेळमर्यादा द्यावी आणि तिच्या ‘रिझ्यूम’मध्ये, म्हणजे शांततेनंतर पहिली हालचाल होताच, रॅममधील फोल्डरात एक रिकामी खूण-फाइल तयार करावी. १८० सेकंदांनंतर ती खूण असेल तरच ब्राउझर मारावा. कोणी हातच लावला नसेल तर पुसण्यासारखेही काही नसते.

तीन मिनिटे काहींना कमी वाटतात. लांब लेख वाचणारा माणूस तेवढा वेळ माऊस हलवत नाही, हे खरे आहे. संदर्भ वाचणाऱ्यांची वर्दळ जास्त असेल तर पाच करावेत. त्यापुढे जाऊ नये.

९. उरलेली कुलपे, आणि आपले स्वतःचे दार

कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ने दुसऱ्या कन्सोलवर जाणे केज मुळात होऊ देत नाही, मात्र त्याचा ‘एस’ पर्याय दिला तर देतो. तो देऊ नये. तरीही लॉगिन-डी च्या फाइलमध्ये आपोआप उघडणाऱ्या कन्सोलची संख्या आणि राखीव कन्सोल, दोन्ही शून्य करावेत. कर्नेलची मॅजिक सिस-आरक्यू सोय (काही बटणांनी थेट कर्नेलला आज्ञा देण्याची) शून्य करावी. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचे सिस्टमडीतील टार्गेट मास्क, म्हणजे निकामी, करावे. आणि एवढे करूनही हीच बटणे दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबली तर सिस्टमडी यंत्र पुन्हा सुरू करते, म्हणून तिच्या मुख्य फाइलमध्ये त्या ‘बर्स्ट’ कृतीला ‘नन’ द्यावे. पॉवरचे बटण मात्र चालू ठेवावे. ते बंद केले तर संध्याकाळी शिपाई थेट प्लग उपटतात.

ग्रबला (बूटचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड लावावा, नाहीतर बूटच्या ओळीत चार शब्द वाढवून कोणीही रूट होऊ शकतो. पण नुसता पासवर्ड लावला तर रोजच्या बूटलाही तो विचारला जातो, आणि वीज जाऊन आली की यंत्र पासवर्डची वाट पाहत बसते. मेनूतील नेहमीच्या नोंदीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा शब्द जोडावा. मग बूट सरळ होते आणि पासवर्ड फक्त बदल करणाऱ्याला लागतो.

एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद करून केवळ कीने ठेवावा आणि ‘अलाउ युजर्स’मध्ये फक्त तुमचे नाव लिहावे. हे नाव लिहिताना माझ्याकडून एक अक्षर चुकले. तोपर्यंत सर्व कन्सोल बंद झाले होते, ग्रबचा पासवर्ड पाकिटात होता, पाकीट कपाटात होते आणि कपाटाची किल्ली लग्नाला गेलेल्या ग्रंथपालांच्या पर्समध्ये होती. तेव्हापासून नियम केला: एसएसएचची फाइल बदलल्यावर चालू जोडणी तोडायची नाही, दुसऱ्या विंडोतून नवी जोडणी करून पाहायची, ती जमली तरच पहिली सोडायची. त्यानंतरच बायोसमधून पेन ड्राइव्हचे बूट बंद करावे आणि बायोसला पासवर्ड लावावा. त्याआधी क्लोनझिलाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेवावी.

१०. परीक्षा

ही परीक्षा तुम्ही स्वतः घेऊ नये. तुम्हाला कोठे पाहायचे नाही हे ठाऊक असते. नववी-दहावीतल्या दोन मुलांना अर्धा तास बसवावे आणि ‘बाहेर पडून दाखवा’ एवढेच सांगावे. त्यांच्यानंतर यादीनुसार पाहावे: कंट्रोलसोबत ओ, एस, पी, एन, एफ-१२, फंक्शनची सर्व बटणे, पेन ड्राइव्ह खोचणे, लॅन केबल काढून परत लावणे, चालू यंत्राचा प्लग काढणे, आणि एखाद्या पानावर लॉगिन करून तीन मिनिटे दूर उभे राहणे. लॅन केबल काढून लावल्यावर नेट परत आले नाही, तर नेटवर्कची मांडणी तपासावी.

देखभाल

‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज सुरक्षेचे बदल आपोआप बसवते. चालू असताना फायरफॉक्स खालून बदलला गेला तर तो ‘पुन्हा सुरू करा’ असे पान दाखवून अडतो, पण आपली तीन मिनिटांची सफाई तो पेच आपसूक सोडवते. संपूर्ण डिस्क केवळ-वाचनीय करणारी ओव्हरले पद्धतही आहे; मी ती टाळली, कारण तिच्यात हे बदल दर बूटला पुसले जातात आणि वर्षभर जुना ब्राउझर लोकांसमोर राहतो.

स्क्विडच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या ते ठरावात लिहावे आणि जुन्या नोंदी पुसणाऱ्या लॉगरोटेट या साधनात तोच आकडा द्यावा. महिन्यातून एकदा अबाउट-पॉलिसीज पाहावे, खुल्या संकेतस्थळांपैकी चार उघडून पाहावीत, आणि यंत्राशेजारी दोरीने बांधलेली वही चाळावी. आमच्या वहीत मागच्या महिन्यात सात नव्या संकेतस्थळांची मागणी होती. पाच यादीत गेली, एक जुगाराचे होते, आणि एकाचा पत्ता इतका घाईत लिहिलेला आहे की तो अजून कोणालाच वाचता आलेला नाही.